तेलाची गोळी

आस्लाकने रायफल बंदूकवाल्या कित्तिलच्या कामाच्या बाकावर ठेवली नाही, टाकली. दुर्बिणीची काच पान्ह्यावर आपटता आपटता राहिली.

"घे तुझी काठी," तो म्हणाला. "बर्फात टेकत चालायला बरी आहे. बाकी काही कामाची नाही."

कित्तिलने हातातली कानस खाली ठेवली आणि हात पुसले. आस्लाकच्या मागे दारात गुन्‌वोर उभी होती. तिच्या बुटांना पठारावरचा काळा चिखल अजून तसाच होता. ती आत आली नाही.

"काय झालं?"

"दोन दिवस, कित्तिल! दोन दिवस त्या रेनडिअरच्या नराच्या मागे फिरलो आम्ही. पोटात गोळी. कुत्र्याने शेवटी दलदलीत शोधून काढला, तेव्हा जिवंत होता अजून. मान वर करून आमच्याकडे बघत होता. मी संपवला."

"अंतर किती होतं?"

"एकशे चाळीस मीटर. वारा नाही, ऊन डोळ्यांवर नाही. पोटावर झोपून, पाठपिशवीवर टेकवून झाडली तिने. अरे, एवढ्या अंतरावरून ही माझ्या डोक्यावरची टोपी उडवेल आणि केसाला धक्का लावणार नाही."

"केस कुठायत तुला, बाबा," गुन्‌वोर म्हणाली.

कोणी हसले नाही.

"वर जायच्या आधी मैदानावर झाडली होती?" कित्तिलने विचारले.

"दोन. तेल जाळायला. मला शिकवू नकोस."

त्या खोऱ्यात हे कोणी कोणाला शिकवत नसे, सगळ्यांना ठाऊकच असे. रायफल साफ करून ठेवली की नळीत आतून तेलाचा पातळ थर राहतो, आणि त्या थरावरून जाणारी पहिली गोळी कुठे जाईल याचा नेम नसतो. तिला तिथे तेलाची गोळी म्हणत. म्हणून ऑगस्टच्या विसाव्या तारखेला रेनडिअरची शिकार सुरू होण्याआधी प्रत्येकजण मैदानावर दोन गोळ्या झाडून नळी कोरडी करी आणि मग हंगाम संपेपर्यंत तिला आतून हात लावीत नसे.

"रायफलमध्येच खोट आहे," आस्लाक म्हणाला. "तू हलकी करायच्या नादात नळी नको तेवढी खरवडलीस. शोध कुठे चुकलंय ते. आणि सापडलं की मला सांग. मला, समजलं?"

तो हुकूम सोडत होता, पण त्याच्या आवाजात हुकमाच्या खाली दुसरेच काहीतरी होते. कित्तिलला ते ऐकू आले आणि त्याने नजर रायफलकडे वळवली.

सिग्री, आस्लाकची बायको, सहा वर्षांपूर्वी वारली. तिला जो आजार होता त्याला डॉक्टर लांबलचक नाव देत, गावात त्याला नुसता 'हिसका' म्हणत. आधी बोटे उडायला लागतात, मग हात, मग चालणे जाते, मग माणूस घरच्यांना शिव्या देऊ लागतो, आणि शेवटी गिळताही येत नाही. सिग्रीला हे सगळे व्हायला अकरा वर्षे लागली. आस्लाकने वीजकेंद्रातली नोकरी सोडून तिला घरीच सांभाळले. हा हिसका आईबापाकडून मुलांकडे येतो किंवा येत नाही, अर्धी अर्धी शक्यता. यायचा असेल तर चाळिशीच्या आसपास येतो. गुन्‌वोर अडतीस वर्षांची होती. रक्त तपासले की कळते, पण तिने तपासले नव्हते.

आस्लाक गाडी वळवायला बाहेर गेला तेव्हा ती आत आली.

"खरं काय ते शोध," ती हळूच म्हणाली. "गोड नको बोलूस. मी स्वतःशी एक ठरवलं होतं. जोवर गोळी मी पाठवीन तिथे जाते, तोवर डॉक्टरकडे जायचं नाही. जायची थांबली की जायचं. आता ती गेली नाही. चुकवली कोणी, मी की रायफलने, तेवढं मला सांग."

"आणि मला सापडलंच नाही तर?"

"तुला सापडतं," ती म्हणाली आणि गेली.

ही रायफल त्याने मागच्या हिवाळ्यात बनवली होती. गुन्‌वोर मैदानी नेमबाजीच्या स्पर्धांत उतरे. त्यात रायफल पाठीवर घेऊन आठ-दहा किलोमीटर डोंगर चढायचा आणि वाटेत लपवलेली निशाणे, अंतर डोळ्याने जोखून, मारायची. तीच रायफल तिला शिकारीलाही हवी होती. "हाताला एकच रायफल माहीत असावी," ती म्हणाली होती. कित्तिलने नळी पेन्सिलीपेक्षा थोडी जाड वाटेल इतकी बारीक केली, मात्र आखूड ठेवली, म्हणजे ती ताठ राहील. दस्ता अक्रोडाच्या पातळ फळ्या चिकटवून केला आणि आतून पोखरला. गोळीमागे नळी बंद करणारे कुलूप बसते ती जागा मात्र त्याने तीनदा भरून तीनदा घासली, कारण वजन कुठूनही काढावे, तिथून काढू नये. दुर्बिणीसकट सगळी मिळून तीन किलोला शंभर ग्रॅम कमी भरली. चाळीस वर्षांत याहून चांगले काम त्याच्या हातून झाले नव्हते. हे तो कोणाजवळ बोलला नाही, पण ती देऊन टाकल्यावर दोन दिवस त्याला जेवण गोड लागले नव्हते.

त्याने तेव्हा तिला बजावले होते. "गुन्‌वोर, जड रायफल माणसाचं सगळं पोटात घालते. श्वास, नाडी, घाई. ही काही पोटात घालणार नाही. तुझ्या मनात काही आलं तर हिच्या टोकाला दिसेल."

"तेच हवंय मला," ती म्हणाली होती.

त्याला तो ताठा वाटला होता. जिंकणाऱ्या माणसाला असतो तसा. जूनमध्ये जिल्ह्याच्या स्पर्धेत तिचा दुसरा क्रमांक आला तेव्हा तो ताठा शोभलाही. आता बाकावरच्या चिखलाने भरलेल्या रायफलीकडे बघताना त्याला समजले की तिने त्याच्याकडून रायफल नव्हे, तराजू करून घेतला होता.

संध्याकाळी त्याने रायफल उघडली. दोन्ही स्क्रू जिथल्या तिथे घट्ट होते. दस्ता फुगला नव्हता. दुर्बीण हलली नव्हती. नळीत दिवा धरून पाहिले; ओरखडा नाही की गंज नाही. त्याने चिखल धुतला, ओली रायफल पुसली आणि जोडून ठेवली.

सकाळी सात वाजता तो मैदानावर होता. शंभर मीटरवर त्याने कागद लावला. चाळीस वर्षे त्याची पद्धत एकच होती: दोन गोळ्या नळी गरम करायला मागच्या मातीच्या बांधात सोडायच्या, त्यांच्याकडे बघायचेही नाही, आणि मग पाच गोळ्या कागदावर. स्पर्धेत सगळे असेच करतात. सुरुवातीच्या गोळ्या हिशेबात नसतात. पण खाली झोपता झोपता त्याच्या मनात आले की पठारावर रेनडिअरला सुरुवातीच्या गोळ्या कोण दाखवतो? तिथे पहिलीच खरी. आणि त्याने आजवर एकाही रायफलची पहिली गोळी पाहिली नव्हती.

त्याने पहिली गोळी कागदावर झाडली.

कागदापर्यंत चालत जाताना त्याला भोक दिसेना. मधल्या काळ्या वर्तुळात काहीच नव्हते. मग दिसले. वर्तुळाच्या डावीकडे, पांढऱ्यात, जवळजवळ हाताच्या पंजाएवढे दूर. एकशे चाळीस मीटरवर खांद्यामागे धरलेला नेम थेट पोटात नेणारे.

कित्तिल मैदानावर एकटाच होता आणि तो मोठ्याने हसला. एक्काहत्तर वर्षांचा बंदूकवाला स्वतःच्या सगळ्यात चांगल्या रायफलची खोट पाहून हसला. नळी वाकडी मारते! गार असताना वाकडी मारते! त्याने तिथेच कागदाच्या कोपऱ्यात तारीख आणि तापमान लिहिले, कागद काढला आणि घरी आला. आस्लाकला फोन करायला त्याने हात पुढे केला, आणि तो हात बाकाच्या कडेवर थांबला.

बाकाला जडवलेल्या लोखंडी पकडीत, शेगड्यात, सफाईची लांब सळई अडकवलेली होती. तिच्या टोकाला कापडाचा चौकोन होता. तेलाने पिवळा झालेला.

काल रात्री जेवायला उठण्याआधी त्याने नळी साफ करून तेलाचा हात फिरवला होता. कोणी सांगितले नव्हते, आठवणही राहिली नाही. ओली रायफल आली की त्याचे हात ते आपोआप करीत. आजवर त्याने काही बिघडले नव्हते, कारण पहिल्या दोन गोळ्या बांधात जात आणि तेलही त्यांच्याबरोबर जाई.

त्याने ते कापड सळईवरून ओढून काढले. सकाळची ती नुसती तेलाची गोळी होती.

मग नळी पुरती कोरडी करून पाच दिवस त्याने तेच केले. रोज सकाळी एकच गोळी, कोरड्या आणि गार नळीतून. रायफल रात्रभर बाहेरच्या लाकडाच्या खोपीत राही, म्हणजे पठारावरच्यासारखी थंडी तिच्या अंगात भिनेल. एकाच कागदावर पाच सकाळी पाच गोळ्या. तिसऱ्या दिवशी पाऊस होता, चौथ्या दिवशी हिमकण. रोज चालत जाताना तो मनातल्या मनात विनवीत असे की निदान आज तरी चूक. दोन बोटे तरी चूक. ती चुकली नाही. पाचव्या दिवशी कागदावर एकच भोक होते, कडा फाटलेले, पाच क्रोनच्या नाण्याखाली झाकले जाईल एवढे.

गुन्‌वोरचे केस कापायचे दुकान सहकारी दुकानाच्या वरच्या मजल्यावर होते. दुपारी दुकान बंद करून ती त्याच्याकडे आली. त्याने कॉफी ओतली. तिने कप उचलला नाही.

"दाखव."

त्याने पाच गोळ्यांचा कागद पुढे केला. तिने तो खिडकीकडे धरला. भोकातून उजेड तिच्या गालावर पडला.

"गार नळीने?"

"गार आणि कोरड्या. पाच सकाळी."

"किती छान बनवलीस रे," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "जुलैमध्ये तुझ्या कानामागे कात्री लागली होती, आठवतं? मी म्हटलं, तूच हललास."

"मी हललो असेन."

"तू हलत नाहीस, कित्तिल. तू खुर्चीत मेल्यासारखा बसतोस." तिने कागद ठेवला, आणि तेव्हा तिला खालचा दुसरा कागद दिसला. "हा कसला?"

खोटे बोलायचे असते तर ती वेळ होती. त्याच्या तोंडात वाक्य तयारही होते. पण ती ज्या डोळ्यांनी कागद वाचत होती त्या डोळ्यांपुढे त्याला ते उच्चारता आले नाही. "तो काही नाही. मी नळीला तेल लावून बसलो होतो. तेलाची गोळी आहे ती."

ती त्या एकट्या भोकाकडे पाहत राहिली. मग तिने कोपऱ्यावर बोट ठेवले. "यावर नळी कशी होती ते लिहिलं नाहीस."

ते खरे होते. त्याच्या प्रत्येक कागदावर चार गोष्टी असत: तारीख, तापमान, नळी कोरडी असल्याची नोंद, आणि सही. या कागदावर त्या सकाळी आनंदाच्या भरात त्याने पहिल्या दोनच लिहिल्या होत्या.

"लिही," गुन्‌वोर म्हणाली. "कोरडी. आणि सही कर."

"काय बोलतेस तू?"

"हा कागद बाबासाठी. दुसरा माझ्यासाठी."

"माझ्या सहीचा कागद आहे तो, गुन्‌वोर. चाळीस वर्षांत एकही खोटा कागद या दारातून गेला नाही."

"माहितीये. म्हणून तर तो विश्वास ठेवेल." तिने पहिल्यांदाच कप उचलला, दोन्ही हातांनी. "अकरा वर्षं त्याने आईला भरवलं. शेवटी शेवटी ती त्याला चावायची. आता कुठे सहा वर्षं तो रात्रीचा झोपतोय, कुत्रा पाळलाय, पठारावर जातोय. परत सुरू व्हायला वेळ आहे अजून. मी जाईन डॉक्टरकडे, ठरलंय ते ठरलं. पण त्याला हा एक हिवाळा मिळू दे."

"आणि पुढे?"

"पुढे त्याला दिसेलच की. तुझ्या कागदाची गरज नाही पडणार."

कित्तिलने लेखणी घेतली. 'कोरडी' लिहिताना त्याला वाटले, आपले अक्षर दुसऱ्या कोणाचे तरी आहे. सही केली. तिने पाच गोळ्यांचा कागद चार घड्या करून लोकरी स्वेटरच्या आत ठेवला.

आस्लाकने तो एका भोकाचा कागद गावभर दाखवला. सहकारी दुकानात, पेट्रोल पंपावर, रविवारी चर्चनंतरच्या कॉफीला. तो माणूस दहा वर्षांनी तरुण झाल्यासारखा बोलत होता. "पंजाभर डावीकडे! आणि हा म्हणे बंदूकवाला! माझ्या पोरीला वाटलं तिचाच हात गेला, आठवडाभर जेवली नाही बिचारी." कित्तिल दुकानात शिरला की कोणीतरी डावीकडे सरके आणि म्हणे, "बाजूला व्हा रे, कित्तिलची गोळी येतेय." तो आपले तपकिरी चीज आणि पाव घेऊन पैसे देऊन बाहेर पडे. शेजारच्या खोऱ्यातल्या दोघांनी सांगून ठेवलेल्या हलक्या रायफली नको म्हणून कळवले. तिसऱ्याने कळवलेही नाही. रात्री झोप येईना तेव्हा तो स्वतःला विचारी की आपण हे तिच्यासाठी केले, की नाही म्हणायचे धैर्य नव्हते म्हणून केले.

सप्टेंबरच्या शेवटी, हंगाम संपल्यावर, आस्लाक आला. गुन्‌वोर बरोबर होती.

"काप ती नळी," तो म्हणाला. "आत्ता, माझ्यासमोर. पोलिसांकडची नोंद रद्द करून आलोय. या रायफलीने आणखी एखादं जनावर तडफडत ठेवायला नको."

कित्तिलने गुन्‌वोरकडे पाहिले. ती भिंतीवरच्या कानशींकडे बघत होती, हात कोटाच्या खिशात.

"तिला दुसरीकडे वापरता येईल," तो म्हणाला. "निदान तुकडा तरी..."

"काप म्हटलं ना."

त्याने नळी सोडवली, शेगड्यात धरली आणि करवत घेतली. पोलाद चांगले होते, लवकर तुटेना. आस्लाकने दुसरे टोक धरून ठेवले. मध्यावर आल्यावर कित्तिलचा श्वास लागला, तो थांबला, घाम पुसला, पुन्हा कापू लागला. शेवटचा धागा तुटला तेव्हा तुकडा आस्लाकच्या हातात राहिला. तो वीजकेंद्रात तीस वर्षे यंत्रांवर होता. कापलेली कड त्याने सवयीने अंगठ्याने चाचपली, उजेडाकडे धरली. भोक बरोबर मधोमध होते, चहूबाजूंनी भिंत सारखी, कुठेही नको तेवढी खरवडलेली नाही. त्याने अंगठा पुन्हा एकदा कडेवरून फिरवला. मग तुकडा भंगाराच्या डब्यात टाकून तो म्हणाला, "हं. आता चांगली बनव. पुढच्या ऑगस्टपर्यंत. आणि या वेळी लोखंडाची काटकसर करू नकोस. जड होऊ दे. पाच किलो झाली तरी चालेल, मी वाहीन."

"बाबा, मला..."

"मी वाहीन म्हटलं. दस्त्यासाठी हाताचं माप घे रे हिच्या. ताजं घे."

कित्तिलने बाकावर कागद पसरला आणि पेन्सिल घेतली. गुन्‌वोरने खिशातून उजवा हात काढला, बोटे पसरून कागदावर ठेवला. तो अंगठ्यापासून सुरुवात करून बोटांच्या कडेने रेघ ओढत गेला. पहिले बोट, मधले, तिसरे. करंगळीपाशी तिचा हात उडाला आणि रेघ कागदावर लांब फाटा घेऊन गेली.

आस्लाक वाकून बघत होता.

"हे काय?"

"माझी पेन्सिल घसरली," कित्तिल म्हणाला. "माझा हात थरथरतो हल्ली."

"दिसतंय ना," आस्लाक म्हणाला. "सत्तरी उलटली तुझी. डॉक्टरला दाखव. दुसरा कागद घे."

कित्तिलने दुसरा कागद घेतला. गुन्‌वोरने पुन्हा हात ठेवला. आस्लाकने आपला रुंद पंजा मुलीच्या मनगटावर ठेवला आणि दाबून धरला.

"हं," तो म्हणाला. "काढ आता."

त्याने कोणाकडेच पाहिले नाही. कित्तिलने अंगठ्यापासून रेघ सुरू केली, पाची बोटांभोवती फिरवून मनगटाशी आणली आणि आस्लाकच्या बोटांशी थांबला. रेघ स्वच्छ आली होती. पेन्सिल खाली ठेवल्यावरही आस्लाकने पंजा उचलला नाही.